तळातल्या चार ओळी

चौकी
ता. ४, पहिला महिना, ११८

वहिनीस,
सा. न. वि. वि.

सवयीनं 'सौ.' लिहायला गेले आणि हात थांबला. त्याच्या जागी जे लिहितात ते लिहायला हात तयार नाही, तेव्हा नुसतं वहिनी. चालवून घे.

सरकारी कागद तुला मागच्या जहाजानं मिळाला असेल; तेव्हा मला लिहवलं नाही. त्यात दोनच ओळी असतात, म्हणून बाकीचं मी सांगते. दादा तबकडी झाडायला वर चढला होता. ही तबकडी म्हणजे आमच्या चौकीचा कान. चार मजले उंच आहे. शत्रू काही बोलतो का ते ती ऐकत असते. चाळीस वर्षांत शत्रू चकार शब्द बोललेला नाही, पण धूळ रोज बसते, आणि दादा रोज झाडायचा. त्या दिवशी शिडीची पायरी निखळली आणि पोशाख खांद्यापाशी फाटला. बाहेर हवा नाही, तेव्हा फार वेळ लागत नाही. त्याला काही कळलंही नसेल, असं डॉक्टर म्हणाले. ते सगळ्यांनाच असं सांगतात, पण या वेळी मी विश्वास ठेवायचं ठरवलं आहे. तूही ठेव.

जमीन खणता येत नाही इतकी कडक आहे, म्हणून दगड रचले. बावीस माणसं उरलो आहोत, प्रत्येकानं एकेक दगड उचलून आणला. आचाऱ्यानं दोन आणले, कारण दादा त्याची करपलेली भाकरीसुद्धा मागून घ्यायचा.

तुला एक सांगावंसं वाटतं. बाहेर गेलेल्या माणसाच्या पोशाखाला एक तार जोडलेली असते, तिच्यावरून बोलता येतं. ती तार माझ्या हवाघरात येते. मी तिथे शेवाळाच्या ताटल्या राखते आणि जाळ्या धुते. त्यातूनच सगळ्यांना श्वास मिळतो. रोज सकाळी तीन तास तो वर झाडायचा, मी खाली धुवायचे, आणि तो तारेवर शीळ घालायचा. सूर कधी जमला नाही. आता हवाघर फार शांत झालं आहे.

बातमी अशी की चौकी बंद होते आहे. नवव्या महिन्यातलं जहाज शेवटचं. त्या दिवशी प्रत्येकानं सही करायची: एक तर घरी, नाहीतर पुढच्या चौकीवर दहा वर्षं. तिथे जहाज वर्षातून एकदाच जातं. आईचं वय पाहता, ती सही केली तर तिची माझी भेट संपली.

आई कशी आहे? तिच्या मनाविरुद्ध मी इथे आले, आणि सहा वर्षांत तिचा एक शब्द आला नाही. तिनं बोलावलं तर येईन. न बोलावता येणार नाही. हा हट्ट मी तिच्याकडूनच घेतला आहे.

नियम तुला ठाऊकच आहे. चौकीनं ऐकायचं, बोलायचं नाही, त्यामुळे यंत्रावरून अक्षर बाहेर जात नाही. चार महिन्यांनी जहाज, माणशी एक पान, आणि तेही तपासनीस वाचून सोडणार. माझं पान संपत आलं. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
शेपूट
(दादानं ठेवलेलं नाव. आता दुसरं कोणी म्हणत नाही.)


घर
ता. ११, तिसरा महिना, ११८

वन्संना,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं, गाठोडंही पोचलं. दाढीचा ब्रश, दोन बनियन आणि चष्मा. हे चष्मा लावायला लागले होते, हे मला माहीत नव्हतं. त्याच्या काडीला दोरा गुंडाळून गाठ मारली आहे. गाठ तुमची दिसते.

तुम्ही मोकळेपणानं लिहिलंत, मीही सरळ लिहिते. वाईट वाटून घेऊ नका. किंवा घ्या. चौदा वर्षांच्या संसारात मी यांना शीळ घालताना एकदाही ऐकलं नाही. घरी आले की इतके बेतानं वावरायचे, जणू पाहुणे म्हणून उतरले आहेत. मी मोजलं आहे: रजा बंद होण्याआधी, सगळे मिळून, हे घरात चारशे नऊ दिवस होते. त्यातले अकरा दिवस तापात गेले. आणि तुम्हाला सहा वर्षं, रोज सकाळी तीन तास, कानाशी. तुम्ही तिकडे गेलात त्याच वर्षी रजा बंद झाल्या. यात तुमचा दोष नाही हे मला कळतं. पण कळून उपयोग होत नाही.

आचाऱ्यानं दगड आणला. एकवीस परक्या माणसांनी दगड आणले. मी एक आणला नाही. तुमच्या पत्रातलं हे वाक्य मी इतक्या वेळा वाचलं की कापड यंत्राखाली वाकडं गेलं आणि अख्खा खिसा उसवावा लागला. काम तेच आहे, गणवेशांचे खिसे. कारखान्याच्या वरच्याच दोन खोल्या. जिन्याचा कठडा अजून हलतो. हे ठोकून देणार होते.

हे गेले तेव्हा तारेच्या दुसऱ्या टोकाला तुम्ही होतात. शेवटी काय बोलले ते तुम्ही लिहिलं नाही. ते माझं आहे. द्या.

आई बऱ्या आहेत. डाव्या कानानं कमी ऐकू येतं. दिवसभर माझ्या शेजारी बसून शिवलेल्या खिशांचे धागे कापतात. मुलगा गेल्यापासून बोलणं कमी झालं आहे. तुमच्या येण्याचं विचारलंत. त्यांनी विषय काढलेला नाही. त्यांचा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. खोल्या दोनच आहेत, आणि तुम्हाला तिकडची सवय झाली आहे. दहा वर्षं म्हणजे काही जन्म नव्हे. तुमचं तुम्ही ठरवा.

आणखी एक. तुम्ही लिहिता, शीळ थांबली म्हणून हवाघर शांत झालं. माझ्याकडे काहीच थांबलं नाही. आधी जसं होतं तसंच आहे, चार महिन्यांनी येणारं पत्र सोडलं तर. म्हणजे हे गेले हे मला जहाज आलं की कळतं. पुन्हा पुन्हा कळतं.

हे काही लोभ मागण्याजोगं पत्र नाही, तरी असू द्यावा.

आपली,
वहिनी


चौकी
ता. ७, पाचवा महिना, ११८

वहिनीस,
सा. न. वि. वि.

आधी तुझं तुला देते. शेवटचं वाक्य मी लपवलं नव्हतं, मला ते लिहायची लाज वाटली. ते तुझ्याबद्दल नव्हतं, माझ्याबद्दलही नव्हतं. तो म्हणाला की तिसरी पायरी हलते आहे, उद्या ठोकून घ्यायला हवी. मी हो म्हटलं. एवढंच. त्यानंतर जाळीतून पाण्याचा आवाज येत होता आणि मला वाटलं तो गप्प झाडतो आहे.

आता माझं ऐक. तुला वाटतं दादा माझ्या वाट्याला आला. जहाज आलं की पहिल्या दिवशी तो झाडायला जायचा नाही. पोशाख चढवून, तुझं पत्र घेऊन तबकडीच्या पायाशी जाऊन बसायचा, कारण तिथे कोणी मान वाकडी करून वाचू शकत नाही. तार जोडलेली असायची, तरी मला शब्द वाचून दाखवायचा नाही. मला फक्त श्वास ऐकू यायचा, आणि मधेच हसू. एकदा न राहवून विचारलं की एवढं काय लिहिते ती. तर म्हणाला की या महिन्यात चारशे खिसे शिवले, असं लिहिलं आहे. खिशांना कोण हसतं, वहिनी? आत आल्यावर संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलायचा नाही. लहानपणी मी त्याचं बोट धरून हिंडले, म्हणून शेपूट. तू आल्यापासून ते शेपूट त्याला कधी जाणवलंच नाही. मी इथवर आले ते काय हवा राखायच्या हौसेनं आले? त्याच्यामागे आले. आणि आले तर तो तुझ्याजवळच होता.

दुसरी गोष्ट. त्याची पत्रं दोन पानांची असायची, आठवतं? माणशी पान एकच असतं. दुसरं पान माझं होतं. सहा वर्षं, अठरा जहाजं, मी माझं पान त्याला दिलं. एका पानात त्याचं तुझ्याशी बोलणं संपायचं नाही, आणि मला लिहायला होतं तरी कोण? एक आई. म्हणून तळातल्या चार ओळी तो माझ्यासाठी सोडायचा, आणि मी सांगीन ते आईला लिहायचा. काय असायचं त्यात? जेवले, बरी आहे, राग सोड. अठरा वेळा.

त्याला उत्तर आलं नाही. दादा गेल्यावर, माफ कर, मी तुझी सगळी पत्रं वाचली. तुमचं प्रेम वाचायला नाही, आईचा शब्द शोधायला. कोपऱ्या-कोपऱ्यापर्यंत भरलेली पानं, एक शिलाई सुटलेली नाही. आईचं काय सापडलं, तर तीन वेळा एकच वाक्य: आईंचा राग गेलेला नाही. तू तिसऱ्यांदा तसं लिहिलेलं पत्र आलं त्या दिवशी दादा आत आला तो माझ्याकडे पाहायचं टाळत होता.

ते वाक्य वाचून मग मी तुझं हे पत्र वाचलं. विषय काढलेला नाही, असं लिहिलंस. बरं. नवव्या महिन्यात जहाज लागलं की कप्तान टेबल मांडून बसतील, मी पुढच्या चौकीवर सही करीन. तिथे शेवाळ चांगलं वाढतं म्हणतात. तिकडून पत्र वर्षाला एक, तेव्हा तुझी कटकट वाचेल.

आईला माझा नमस्कार सांग. सांगावासा वाटला तर.

जिथे असेन तिथून तुझीच,
शेपूट


घर
ता. ९, सातवा महिना, ११८

वन्संना,
सा. न. वि. वि.

या पानाचा अर्धा भाग मी दुसऱ्यासाठी सोडला आहे, म्हणून थोडक्यात लिहिते. थोडक्यात लिहायचं ठरवलं तर हे काम अवघडच आहे.

आईंचा राग कधीच नव्हता. तुमच्या चार ओळी मी त्यांना कधी वाचून दाखवल्या नाहीत.

लग्न झालं तेव्हा मला अक्षर येत नव्हतं. यांचं पहिलं पत्र शेजारच्या शिक्षिकाबाईंनी वाचून दाखवलं आणि मधेच गालात हसल्या. ते हसणं मला सहन झालं नाही. त्याच दिवसापासून मी शिकायला लागले, गणवेशांच्या चिठ्ठ्यांवरून आणि यंत्राच्या माहितीपत्रकावरून. दोन वर्षांनी यांचं पत्र कोणाच्या तोंडाकडे न पाहता वाचलं. घरात वाचणारी मी एकटी. आई ऐकायच्या, मी वाचायचे. पत्र माझ्या हातात असायचं, आणि ते माझं आहे असं मला वाटायला लागलं.

तुम्ही तिकडे गेलात त्यानंतरचं पहिलं पत्र दोन पानांचं आलं. मला वाटलं, यांना माझ्याशी बोलायला एक पान पुरत नाही. पाय जमिनीवर नव्हते माझे. आणि मग तळाशी तुमच्या चार ओळी. त्यांच्या वर यांनी लिहिलं होतं की शेपूट आल्यापासून इथे घरासारखं वाटतं. घरासारखं. घर तर इथे होतं, वन्सं, मी त्यात बसले होते. मी पान तिथे दुमडलं आणि आईंना सांगितलं की संपलं. त्यांनी विचारलं की पोरीचं काही आहे का. मी म्हटलं, नाही.

पहिल्यांदा रागानं केलं. दुसऱ्यांदा केलं कारण पहिल्यांदा केलं होतं. नंतर बाहेर पडायला वाटच दिसेना. आई दर वेळी तुमच्यासाठी निरोप सांगायच्या, पेन माझ्या हातात चालत असायचं, आणि मी खिशांबद्दल लिहीत असायचे. यांनी तीनदा विचारलं, मी तीनदा ते वाक्य लिहिलं. ते खोटं खरं मानूनच हे गेले. त्याला आता इलाज नाही, आणि मी तो मागतही नाही.

तिसऱ्या महिन्यातलं माझं पत्रही खोटं होतं. आई रोज विषय काढतात. तुम्ही येऊ नये असं मला वाटत होतं. यांचं सगळं तुमच्याकडे आहे. आई तरी माझ्याकडे राहाव्यात, एवढाच हिशोब.

परवा सकाळी यंत्र बंद ठेवलं, अठरा पत्रं काढली आणि आईंना तुमच्या चार-चार ओळी ओळीनं वाचून दाखवल्या. त्यांनी उजवा कान माझ्याकडे करून ऐकल्या. अकराव्या पत्राशी थांबायला सांगितलं, पाणी प्यायल्या, पुढे वाच म्हणाल्या. नंतर उठून आतल्या खोलीत गेल्या. दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, पण धागे कापत राहिल्या. आज म्हणाल्या की अर्धं पान माझं, आणि मी सांगीन त्यातलं अक्षर गाळायचं नाही. गाळत नाही.

माझ्यावर लोभ करा असं कोणत्या तोंडानं लिहू. आईंवर असू द्या.

वहिनी


चि. पोरीस,
अ. उ. आ.

ही लिहिते आहे, मी सांगते आहे. हिचे डोळे गळताहेत. कागदावर डाग पडला तर तो माझा नाही.

तू गेलीस तेव्हा मी आठ दिवस जेवले नाही, ते रागानं नाही. घास उतरत नव्हता. तू सहा वर्षं बरी आहेस, जेवतेस, एवढं मला परवा कळलं. अकराव्या पत्रात तू लिहिलंस की ताप आला होता आणि आईच्या हाताची आठवण झाली. त्या तापाला आता साडेतीन वर्षं झाली. हात इथेच होता.

हिनं तुला सगळं सांगितलं म्हणते. सगळं हिला माहीत नाही. मला वाचता येत नाही, पण मी खुळी नाही. पान दोन्ही बाजूंनी तळापर्यंत भरलेलं दिसायचं, आणि ही शेवटाशी आली की आवाज बदलायचा, अंगठा कागदावर सरकायचा. दुसऱ्या का तिसऱ्या पत्रापासून मला कळलं होतं की तिथे काहीतरी आहे आणि ते तुझं आहे.

मी विचारलं नाही. खोदून विचारलं असतं तर ही खरं बोलली असती; खोटं फार वेळ पेलत नाही हिला. मग मला हिच्यावर रागावावं लागलं असतं. मुलगा दूर, मुलगी दूर, माझं आंघोळीचं पाणी काढणारी ही एकटी. ही रुसून गेली तर मी काय करणार होते? मी माझी सोय पाहिली, पोरी. हिनं मत्सर केला, मी भिऊन गप्प बसले. कोणाचं जास्त वाईट ते तू ठरव. (हे लिहिताना ही थांबली होती. मी सांगितलं, लिही.)

आता ऐक. मी तुला बोलावते आहे. हट्ट होता ना तुझा, बोलावल्याशिवाय येणार नाही? हे बोलावणं. खोल्या दोन आहेत हे खरं, पण मला फार जागा लागत नाही, आणि हिलाही लागत नाही, ही तर यंत्रापाशीच असते. पुढच्या चौकीचं शेवाळ ज्याला हवं त्यानं वाढवावं. कप्तानाला सांग, आई बोलावते. एवढ्या मोठ्या माणसाला ते कळत नसेल तर त्याच्या आईचा पत्ता पाठव.

दादाचे दगड तिथे राहतील याचं वाईट वाटतं. पण त्याला धूळ झाडायची सवय होती, धुळीला तो घाबरत नाही.

अंगठा उठवायला शाई नको म्हणते ही, पान खराब होतं. मी उठवणार.

तुझी आई


परतीच्या वाटेवरचं ठाणं
ता. २, दहावा महिना, ११८

वहिनीस,
सा. न. वि. वि.

जहाज इथे तपासणीसाठी आठवडाभर थांबलं आहे. इथून लहान टपालयान पुढे जातं, त्यातून ही चिठ्ठी. मी पोचायच्या पंधरा दिवस आधी तुला मिळेल.

पत्र मी कप्तानांच्या टेबलासमोर रांगेत उभी राहून वाचलं. माझा नंबर आला तेव्हा अंगठ्यापाशी पोचले होते. तपासनीस म्हणाला की सहा वर्षं तो माझ्या चार ओळी वाचून पुढे पाठवत होता आणि उत्तर का येत नाही हा प्रश्न त्यालाही पडायचा. परक्या माणसाला पडला, दादाला पडला. मी आपली आईचा स्वभाव म्हणून बसले.

तुझ्यावर माझा राग आहे. अजून उतरलेला नाही, दोन महिन्यांच्या प्रवासातही उतरेल असं दिसत नाही. दादा हे न कळता गेला, याचं काय करायचं ते मला माहीत नाही. तुलाही नसणार. तरी एक सांगते, कारण न सांगणं काय करतं ते आपण तिघींनी पाहिलं: 'घरासारखं वाटतं' हे त्यानं लिहिलं ते वाक्य अर्धंच होतं. तारेवर मला म्हणाला होता की शेपूट आल्यापासून घरासारखं वाटतं, कारण घराबद्दल बोलायला कोणीतरी मिळालं. घर म्हणजे तू. हे तुला द्यायचं माझ्या जिवावर आलं होतं. दोन दिवस चिठ्ठी तशीच ठेवली होती.

निघायच्या आदल्या दिवशी तार जोडून तबकडीपाशी गेले. एकवीस जण एकेक दगड अजून ठेवून गेले होते. मी दोन ठेवले. दुसरा कोणाचा ते तुला कळेल.

आता घरचं. पहिले आठ दिवस आई माझी. तिचं आंघोळीचं पाणी मी काढीन, कानाशी मी बसेन, तू मधे यायचं नाहीस. सहा वर्षं तुझी झाली. मी फार काही मागत नाही. दादाचं तुला जे विचारायचं असेल ते विचार, पण रोज एकच. मला ते पुरवून सांगायचं आहे, आणि काही मी सांगणार नाही, ते माझं आहे.

दार आईला उघडू दे. तू आतच थांब. मी हाक मारीन.

राग आणि माया दोन्ही बरोबर घेऊन येणारी,
शेपूट